‘येस नही’च्या मुलखात दोन गुडघे

साताऱ्याच्या स्टेशनवर हमालाने माझी बॅग उचलली, खाऊची पिशवी उचलली आणि तिसऱ्या वस्तूपाशी येऊन तो थांबला.

"बाई, ही खुर्ची मोडलीय. मधोमध भोक पडलंय."

"पडलेलं नाही, पाडलेलं आहे," मी म्हटलं. "तशीच मिळते दुकानात."

त्याने भोकातून खाली फलाटाकडे पाहिलं, मग माझ्या गुडघ्यांवरच्या पट्ट्यांकडे पाहिलं, आणि त्याला उलगडा झाला. खुर्ची त्याने बॅगेच्या आड धरून, कुणाच्या नजरेस पडणार नाही अशी डब्यापर्यंत नेली. भला माणूस होता.

मी एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. तापी पश्चिमेकडे वाहते, तिच्या उत्तरेला सातपुडा, खाली काळी माती, कापूस, केळी. हे सगळं मी फळ्यावर शेकडो वेळा काढलं, पण तापीत पायाचा अंगठासुद्धा कधी बुडवला नव्हता. खान्देशात माझी एक मैत्रीण आहे, सिंधू. पुण्याला अध्यापिका विद्यालयाच्या वसतिगृहात आम्ही दोन वर्षं एका खोलीत काढली. पुढे तिचं लग्न झालं, अमळनेर ते धुळे रस्त्यावरच्या एका गावात शेतकऱ्याच्या घरी ती गेली, आणि शाळेतली बाई व्हायच्या ऐवजी पंचक्रोशीत मांडे करणारी म्हणून नावाजली. (गावाचं नाव लिहायचं नाही, अशी तिची अट आहे.) मांडे म्हणजे खापरावरच्या पुरणपोळ्या: चुलीवर मातीचं भांडं पालथं घालायचं आणि हातांवरच रुमालाएवढी केलेली पोळी त्यावर टाकायची. दरवर्षी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी तिचा फोन यायचा, "ये गं, मांडे खायला." दरवर्षी मी कारण सांगायची. आधी शाळा, मग मुलीचं लग्न, मग गुडघे.

गुडघ्यांचं असं झालं की जिना उतरताना आतून करकर असा आवाज येऊ लागला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि सांगितलं, "अस्थिसंधिवात. दोन हाडांमधली गादी झिजलीय." शस्त्रक्रिया आत्ताच नको, पण व्यायाम करा, वजन उतरवा, चाला, आणि आजपासून मांडी घालून बसणं बंद. त्या दिवसापासून माझा भूगोल बदलला. आयुष्यभर समुद्रसपाटीपासूनची उंची शिकवली, आता मला फक्त जमिनीपासूनची उंची कळते. कुणाच्या घरी गेले की आधी सोफ्याची उंची पाहते, मग उंबऱ्याची, मग हळूच चौकशी करते की संडास कुठल्या पद्धतीचा आहे. ही चौकशी टाळण्यासाठीच ती खुर्ची बरोबर घेतली होती.

यंदा सिंधूचा फोन आलाच नाही. म्हणून मी केला, तर तिच्या सुनेने, रेखाने उचलला. मी विचारलं, "सिंधू यंदा मांडे करणार ना?" लाइन खरखरत होती. "त्यासले करता येस..." एवढं ऐकू आलं, मग नुसती खरखर, आणि फोन कटला. मला वाटलं, मुलगी शिकलेली दिसते, ‘येस’ म्हणाली. मी लगेच तिकीट काढून टाकलं. मनात मांडे खाणं म्हणतात ते हेच, हे मला आठ दिवसांनी कळलं.

सकाळी जळगावला उतरले तेव्हा नऊ वाजले होते आणि ऊन बाराचं होतं. स्टँडजवळ कचोरी खाल्ली, वर जिलेबी खाल्ली (वजन उतरवायचं लक्षात होतं, पण जिलेबी समोर तळत होते), आणि रावेरची एसटी पकडली. सिंधूकडे जाण्याआधी मला सातपुडा जवळून पाहायचा होता. रावेरला माझी एक जुनी विद्यार्थिनी बँकेत नोकरीला आहे, तिच्याकडे दोन रात्री राहणार होते.

एसटीची पहिली पायरी म्हणजे माझ्या दृष्टीने घाटच. मी दांडा धरून एक पाय वर टाकला आणि तिथेच अडकले. मागून कुणीतरी कमरेला हात लावून मला आत ढकललं, वळून पाहिलं तर ओळख ना पाळख, एक लुगडं नेसलेली बाई हसत होती. कंडक्टर भाऊ खुर्चीपाशी आले.

"आक्का, ये खुर्चीले भोक काबर शे?" (का आहे?)

साताऱ्यात असते तर विषय बदलला असता. पण अनोळखी मुलखात माणूस जरा धीट होतो. मी सगळ्या बसला ऐकू जाईल अशा, वर्गातल्या आवाजात सांगितलं की गुडघे वाकत नाहीत, म्हणून ही खुर्ची. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "कुठी भेटते वं ही?" मग दुसरीने विचारलं, वजन किती झेपतं. मग तिसरीने सांगितलं की तिच्या सासूने अशीच एक लोखंडी करून घेतली, तर ती गंजली. रावेर येईपर्यंत मी सात जणींचे गुडघे ऐकले. एरंडाची पानं कुणी बांधतं, कुणी गरम वाळूने शेकतं, एक जण फक्त देवाचं नाव घेते आणि तिचंच सगळ्यांत बरं चाललं होतं. मला ढकलणारी बाई मात्र एकच वाक्य बोलली, "मी तं घराबाहेर पडाचं असलं की पानीच पेत नाही." एवढ्या उन्हात. मी तिच्याकडे पाहिलं आणि माझ्या पिशवीतल्या पाण्याच्या बाटलीकडे पाहिलं. ती साताऱ्याहून भरून आणलेली होती आणि अजून भरलेलीच होती.

रावेरला दुसऱ्या दिवशी केळीच्या बागेत गेले. बाग म्हणजे हिरवी सावली आणि पायाखाली ओल. बाहेर जमीन तापलेली आणि आत गारवा. सातपुडा उत्तरेला निळसर दिसत होता, मी फळ्यावर काढायची त्याच्यापेक्षा बराच रुंद. पण मी जास्त वेळ उभी राहिले ती केळी भरण्याच्या शेडमध्ये. तिथे घडांपासून फण्या (केळ्यांचे पंजे) सोडवतात, पाण्याच्या टाकीत धुतात, पुसतात आणि खोक्यात भरतात. दहाबारा बाया उभ्याने काम करत होत्या. त्यांची मुकादम साठीच्या पुढची होती, सगळे तिला आक्का म्हणत. मी तिला विचारलं, "दिवसभर उभं राहून पाय दुखत नाहीत?"

"दुखता ना. पन उभ्याचं दुखनं बरं," ती फणी कापता कापता म्हणाली. "पयले आम्ही खाली बसून कापत होतो. दिवसभर उकिडवं. संध्याकायी उठाचं म्हटलं तं मले उठवाले दोघी जनी लागे. मंग हे टेबल आले."

"चांगलं केलं मालकांनी."

आक्का जोरात हसली. "आमच्यासाठी नाही आनले वं बाई! जमिनीवर केयीले मार लागते, तिच्यावर काये डाग पडता, म्हनून आनले. केयीच्या नशिबानं आमचे गुडघे राह्यले."

ळचा य करणारी ती बोली मला फार गोड वाटली. मी वीत लावून टेबल मोजलं: सव्वाचार वीत. आक्काने विचारलं, मोजून काय करणार? मी म्हटलं, सवय आहे. तेव्हा खरंच सवयच होती, त्या सव्वाचार विती पुढे मला किती नडणार आहेत ते माहीत नव्हतं.

रावेरहून जळगाव, जळगावहून आगगाडीने अमळनेर. स्टेशनाबाहेर जेवायला बसले. शेवभाजी आणि कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून करतात). भाजीचा पहिला घास घेतल्यावर कानातून वाफ निघाली. वाढणाऱ्याने विचारलं, "आजून देऊ का?" आणि मी रडत रडत मान हलवली. मग काळीपिवळी जीपमध्ये पुढच्या सीटवर खुर्ची मांडीवर घेऊन बसले आणि दुपारी चारला सिंधूच्या दारात उतरले.

दार उघडं होतं. आत एक खाट, तिच्या पायांखाली विटा लावून उंच केलेली. खाटेवर सिंधू. चाळीस वर्षांपूर्वी वसतिगृहाचा जिना दोन दोन पायऱ्या गाळून उतरणारी. तिचं वजन वाढलं होतं, चेहरा सुजल्यासारखा झाला होता. मला पाहून ती उठायला गेली. दोन्ही हात खाटेवर, मग एक हात भिंतीवर, मग तोंड घट्ट मिटून वर. उठून उभी राहायला तिला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात मी उंबरा ओलांडून, चप्पल काढून तिच्यापाशी पोचले होते.

"शालू! तू उनी? आते उनी?" (आत्ता आलीस?)

"मांडे खायला आले," मी हसत म्हटलं.

ती परत खाटेवर टेकली. आतून पाणी घेऊन आलेली रेखा तांब्या हातात धरून जमिनीकडे पाहत राहिली. मला कळेना की मी काय चुकीचं बोलले.

"अगं, फोनवर रेखाच म्हणाली ना, करता येस म्हणून."

"येस नही!" रेखा एकदम म्हणाली. "मी म्हनं, त्यासले करता येस नही."

मग हळूहळू उलगडलं. अहिराणीत ‘येस’ म्हणजे ‘येतं’. करता येस, करता येतं. करता येस नही, करता येत नाही. माझ्या फोनने बरोबर तो ‘नही’ तेवढा खाल्ला होता. सिंधूला दोन वर्षांपासून जमिनीवर बसता येत नव्हतं, आणि चुलीसमोर पाटावर मांडी घातल्याशिवाय मांडे होत नाहीत. इतकी साधी गोष्ट. पण भाषेपायी माझी एवढी फजिती होऊनही हसायला कुणी तयार नव्हतं, आणि सगळ्यांत कमी सिंधू. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी रेखा शेतातून आलेल्या नवऱ्याला, भिकनला, चहा देत होती तेव्हा सिंधूने मला सगळं सांगितलं. अर्धं पुण्याच्या भाषेत, अर्धं तिच्या. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावात लग्नाला गेली होती. पंगतीत जेवली, आणि पंगत उठली तेव्हा ही उठेना. गुडघे आखडून गेलेले. चार जणांनी काखेत हात घालून उचललं.

"लोकं हासनात," ती म्हणाली. "हासू दे. पन मनी (माझी) जाऊबाई बी हासनी."

त्यानंतर ती कुठल्या लग्नाला गेली नाही. देवळात गेली नाही, कारण तिथे खाली बसावं लागतं. शेजारणींकडे गेली नाही, कारण त्या पाट पुढे करतात. कुणीही बोलावणं घेऊन आलं की तीनच शब्द, "मी येस नही." तिला म्हणायचं असायचं, मला येता येत नाही; ऐकणाऱ्याला वाटायचं, ही येतच नाही म्हणते.

"बठ्ठा लोकसले सांगं," (सगळ्यांना सांगितलं) ती म्हणाली आणि थांबली. "मंगलले बी."

मंगल म्हणजे तिची आंडेर (मुलगी), सुरतेला दिलेली. मागच्या वर्षी मंगलला पहिलं बाळ झालं. बारशाला आईला बोलावलं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सिंधूला ते माहीत होतं. फोनवर ती म्हणाली, "मी येस नही." मंगल म्हणाली, "बरं." त्या ‘बरं’नंतर आजपर्यंत मायलेकींचं मोजून चारदा बोलणं झालं होतं.

"अगं, मग सांगायचं ना, गुडघ्यामुळे येता येत नाही म्हणून!"

"काय सांगू? लेक धाव्वी पळी मायले घेवाले, (धावतपळत येईल आईला न्यायला) तीन जिना उचलीसन नेई. पुन्हा चार लोकं लागतीन." तिने पदराने तोंड पुसलं. "आखाजीले येई राहिनी मंगल. रेखाने बलायं. आते ती ई आन देखी, चुल्हा थंडा." (आता ती येईल आणि बघेल, चूल थंड.)

मला तिचा राग आला आणि रडूही आलं. राग अशासाठी की हे सगळं मीही करत होते, फक्त नीटनेटक्या मराठीत. आमच्या माजी विद्यार्थिनींचा मेळावा दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात होता, आणि ‘घरी पाहुणे आहेत’ असं मी कळवून टाकलं होतं. पाहुणे कुठले? मी एकटी टीव्ही पाहत बसले होते. सिंधूला मी हे सांगितलं. मग खुर्ची उघडून दाखवली. ती एवढी हसली की खाट हलली. नंतर गंभीर होऊन म्हणाली की तीसुद्धा दुपारनंतर पाणी पीत नाही. आम्ही दोघींनी मग एकेक तांब्या पाणी प्यायलं, शिकवणीला बसल्यासारखं.

आखाजीला पाच दिवस होते. दुसऱ्या दिवशी भिकनला गाडी काढायला लावून आम्ही धुळ्याला गेलो. सिंधू आजवर तेलं आणि इंजेक्शनं घेत आली होती, पण व्यायाम सांगणाऱ्या डॉक्टरकडे कधी गेली नव्हती. दवाखाना छोटासा, डॉक्टर तिशीची मुलगी, मूळ साक्रीकडची. तिने पाय सरळ करून पाहिले, वाकवून पाहिले, मांडीचे स्नायू दाबून पाहिले. म्हणाली, गादी झिजली ती परत येत नाही, पण भोवतीचे स्नायू बळकट केले की भार ते उचलतात. बसून राहिलात तर तेही जातील. रोज खुर्चीत बसून पाय सरळ उचलायचा, दहा अंक मोजायचे. सकाळी चालायचं. शस्त्रक्रियेचं पुढे पाहू. सिंधू सगळं मान खाली घालून ऐकत होती. शेवटी तिने एकच विचारलं, "मांडा करता येई का?"

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "आक्का, कसा करतस ते दखाडा." (दाखवा.)

आणि सिंधूने त्या स्टुलावर बसून, हातात काहीच नसताना, मांडा केला. पुरणाचा उंडा कणकेत भरला, थापला, या तळहातावरून त्या तळहातावर, मग मनगटावर, मग कोपरापर्यंत हात लांबवत तो मोठा मोठा करत नेला, आणि समोरच्या टेबलावरच्या वजनकाट्यावर अलगद पालथा टाकला. दवाखान्यात बसलेले चारपाच जण बघत होते. कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्याने तर "वा!" म्हटलं.

"हातसले काहीच व्हयेल नही," (हातांना काहीच झालेलं नाही) डॉक्टर म्हणाली. "मांडी बंद, मांडे चालू. चुल्हा वर उचला."

सिंधूने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सव्वाचार वीत!"

येताना धुळ्याच्या कुंभाराकडून नवीन खापर घेतलं, जुन्याला तडा गेला होता. सिंधू मात्र गाडीत कुरकुरत होती. उभ्याने मांडे करायचे म्हणजे काय, असं हाटेलमा (हॉटेलात) करतात. बाईमाणूस चुलीसमोर खुर्चीवर बसलं तर लोक काय म्हणतील. "कलेक्टर शे का मी?" मी सांगितलं की कलेक्टरला मांडे येत नाहीत.

भिकनने मागच्या पडवीत विटामातीचा ओटा रचायला घेतला. मोजमाप माझं. रावेरच्या टेबलाची उंची विटांवर उतरवून घेतली, त्यावर चूल बसवली, जाळ घातला, चुलीवर खापर पालथं ठेवलं. सिंधू हात धुऊन समोर उभी राहिली. खापर तिच्या गळ्याला आलं.

मी एकतीस वर्षं उंची शिकवली आणि चूल आणि खापर यांची उंची धरायला विसरले. केळीचं टेबल सपाट असतं, त्यावर पालथं मडकं नसतं, एवढं कळायला मला चांगली दोन मिनिटं लागली. भिकन तोंडावर रुमाल धरून बाहेर गेला. रेखा चुलीमागे लपली. सिंधू आधी माझ्याकडे बघत राहिली, मग खापराकडे, आणि मग म्हणाली, "शालू, हाई मांडा नही, झेंडावंदन शे."

ती किती दिवसांनी असं काही बोलली होती ते रेखाच्या चेहऱ्यावरून कळलं. मग आम्ही सगळेच हसलो, मी सगळ्यांत जास्त.

विटांचे थर काढले. आधी दोन काढले, मग आणखी दोन. उभ्याने करण्यापेक्षा उंच स्टुलावर बसून, पाय जमिनीला टेकतील असं बसलं की खापराचा माथा बरोबर कोपरापाशी येतो, हे सिंधूनेच शोधून काढलं. पहिला मांडा फाटला. जाळ आता पोटावर येत होता, बसण्याची सवय वेगळी, हात कुठे टेकायचा ते कळेना. दुसरा फाटला. तिसरा फाटला तेव्हा ती म्हणाली, "जाऊ दे," आणि उठायला लागली. रेखाने पुढे होऊन तिचा खांदा धरला. "एक आजून." चौथा अर्धा खापरावर पडला आणि अर्धा लोंबला. तो आम्ही खाल्ला. पाचवा गोल उतरला, पातळ, आरपार दिसेल असा. सिंधूने तो घडी घालून टोपलीत ठेवला आणि लगेच सहावा उंडा हातात घेतला.

आखाजीच्या सकाळी गावात लिंबांना झोके बांधलेले, माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणत उंच जात होत्या. मंगल अकराच्या सुमारास आली. कडेवर वर्षाचं बाळ, चेहरा परक्याच्या घरी आल्यासारखा. तिने रेखाला मिठी मारली, मला नमस्कार केला. "माय कोठे शे?" असं विचारलं ते भिंतीकडे बघून. रेखाने नुसतं मागच्या पडवीकडे बोट केलं.

सिंधू स्टुलावर होती. मंगल दारात उभी राहिली. मांडा खापरावर टाकून सिंधूने मागे वळून पाहिलं आणि उठू लागली. दोन्ही तळवे गुडघ्यांवर, मग ओट्याची कड, तोंड मिटलेलं, कपाळावर घाम. डॉक्टरने शिकवल्याप्रमाणे आधी पुढे सरकून, मग वर. मंगल पाहत होती. मी तिच्या शेजारी होते, तिचा चेहरा कसा बदलत गेला ते मला दिसलं.

"माय," ती म्हणाली, "तू तव्हळ (तेव्हा) म्हननी, येस नही..."

"येता येस नव्हतं," सिंधू म्हणाली.

"माले काबर नही सांगं?"

"लाज वाटनी."

मंगलने बाळ माझ्या हातात दिलं आणि आईला धरलं. धरलं म्हणजे आधार द्यायला नव्हे. दोघी रडत होत्या आणि खापरावरचा मांडा जळत होता. शेवटी रेखाने तो उचलला. जेवताना आमरस होता, तिखट सार होतं, तूप होतं, आणि त्या दिवशी सिंधूच्या घरात पंगत नव्हती. सगळे खाटेवर, खुर्चीवर, पायरीवर, जिथे जागा मिळेल तिथे बसले. मी किती मांडे खाल्ले ते माझ्या डॉक्टरांना कळता कामा नये.

परत येताना खुर्ची मी सिंधूकडेच ठेवली. साताऱ्याच्या स्टेशनवर तोच हमाल भेटला. "खुर्ची कुठंय बाई?" त्याने काळजीने विचारलं. मी म्हटलं, माहेरी ठेवली. घरी आल्यावर पहिलं काम केलं ते मेळाव्याच्या मुलींना फोन. मला दोन मजले चढता येत नाहीत, असं सांगितलं. पुढचा कार्यक्रम तळमजल्यावर घ्या, मग येते. फोन उचललेली माझी जुनी विद्यार्थिनी म्हणाली, "बाई, बरं झालं बोललात. आमच्यातल्या तिघींना चढता येत नाही, पण कोण सांगणार?"

रोज सकाळी खुर्चीत बसून पाय उचलते, दहा मोजते. कधी कधी दहाच्या ऐवजी बारा होतात. गुडघे अजून करकरतात, पण त्यांच्याशी भांडण थोडं कमी झालं आहे.

काल सिंधूला फोन केला. इकडचं तिकडचं झालं. ती म्हणाली, चालणं चालू आहे, देवळापर्यंत जाते, देवळातल्या लोकांनी एक बाकडं टाकलं आहे. मंगलने सुरतेला ये म्हणून पुन्हा बोलावलंय. "तीन जिना शेतस," मी तिला तिच्याच भाषेत आठवण करून दिली.

"चढताना चांगला पाय पयले, उतरताना दुखरा पयले," ती डॉक्टरच्या आवाजात म्हणाली. "आन मजल्या-मजल्यावर मंगलने खुर्ची मांडेल शे. खालना बर्थ बी काढेल शे."

"म्हणजे जाणार तू? येता येस का?"

"येस," सिंधू म्हणाली.

मी पुढच्या शब्दाची वाट पाहत फोन कानाला धरून राहिले. तो काही आला नाही.